टपावरचे ओझे

सुट्टीतील यात्रेची पहाट इतवारीतल्या घरांत वर्षानुवर्षे एकाच क्रमाने उजाडते. आदल्या रात्री बांधून ठेवलेल्या वळकट्या जिन्यावरून खाली येतात, त्यांच्यामागून फराळाचे डबे, पाण्याचे गाळणे आणि भांडी, त्यामागून आजी-आजोबांची औषधांची वेगळी पिशवी, आणि सर्वांत शेवटी, कोणीतरी विसरलेले म्हणून धावत जाऊन आणलेले एखादे गाठोडे. सात आसनांच्या गाडीत सातही जण बसले की डिकी नावापुरतीच उरते. मग सगळ्यांची नजर टपाकडे वळते. दुकानातला हमाल बोलावला जातो. कापडाच्या गाठी आवळण्यात त्याचे आयुष्य गेलेले असते. कॅरिअरवर सामान रचून, वर ताडपत्री टाकून, दोरीच्या दोन-तीन फेऱ्या ताणून तो हात झटकतो. "शेठजी, आता हे काही हालत नाही." शेठजी स्वतः एकदा जोर लावून पाहतात, सामान हलत नाही, आणि गाडी वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या दिशेने निघते.

हमालाचे म्हणणे खोटे नसते. उभ्या गाडीवर ते ओझे खरोखरच हलत नाही. मात्र तासाभरात तीच गाडी ज्या वेगाने धावणार असते, त्या वेगाचा अनुभव गोदामातील कोणत्याही गाठीला कधी आलेला नसतो.

टपावर सामान बांधण्याची रीत घराघरांत रुजली ती अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात. या गाड्यांच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी पत्र्याची दुमडलेली पन्हळ असे. लोखंडी कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत अडकवून स्क्रूने आवळले की काम संपले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवरचे ते कॅरिअर तर त्या शहराच्या चित्राचाच एक भाग होऊन बसले होते. त्या गाड्यांचा पत्रा जाड होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या सावकाश चालत. अमरावती-कारंजामार्गे वाशीमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वर काटा क्वचितच जाई. वाटेत गावे लागत, चहासाठी गाडी थांबे, आणि तेवढ्यात कोणीतरी दोरीला हात लावून पाही. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. गाड्या गेल्या, बांधण्याची रीत मात्र जशीच्या तशी मागे उरली.

दरम्यान रस्ताही बदलला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जोडला गेला. मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. शिवमडक्याहून गाडी एकदा या रस्त्याला लागली की कारंजा किंवा मालेगावला उतरेपर्यंत ना गाव, ना चौक, ना सहज थांबण्याचे निमित्त. वर्धा आणि वाशीम जिल्ह्यांच्या मोकळ्या शिवारातून हा रस्ता बऱ्याच ठिकाणी भरावावरून उंच जातो, त्यामुळे आडवा वाराही गाडीला बिनअडथळा भिडतो.

वाऱ्याचा हिशोब व्यापारी मनाला चटकन पटावा असा आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ६० च्या वेगाला समोरून येणारी हवा एका चौरस मीटरवर साधारण १६ किलो वजनाइतका दाब देते. ८० ला तो ३० किलोच्या जवळ जातो आणि १२० ला सुमारे ६५ किलोवर पोहोचतो. एका माणसाच्या झोपायच्या गादीचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटरहून थोडे अधिक असते. ती टपावर आडवी पडलेली असेपर्यंत वारा तिच्यावरून निसटून जातो. तिची पुढची कड चार बोटे उचलली गेली, की वारा खाली शिरतो आणि तीच गादी शिडासारखी फुगते. दोरीला तेव्हा गादीचे पाच-सात किलो वजन पेलायचे नसते, शंभर किलोच्या आसपासची ओढ सोसायची असते. एकदा समृद्धीवरच्या वेगाची सवय झाली की गाडीत बसलेल्यांना यातले काहीही जाणवत नाही. खिडक्या बंद, आत वातानुकूलन, मागच्या आसनावर मुले झोपलेली. वर ताडपत्री फडफडत असते आणि तिच्या प्रत्येक फडक्याने गाठ केसभर सैल होत असते.

म्हणून पहिला प्रश्न बांधण्याचा नसून वजनाचा आहे, आणि त्याचे उत्तर हमालाकडे किंवा गॅरेजवाल्याकडे नसते. ते गाडीसोबत आलेल्या, बहुतेक घरांत प्लास्टिकच्या वेष्टनातून कधी बाहेरही न आलेल्या माहितीपुस्तिकेत असते. टपावर किती भार चालेल याचा आकडा निर्माता तेथे देतो. लहान गाड्यांत तो साधारण ५० ते ७५ किलो असतो, मोठ्या गाड्यांत ७५ ते १०० किलोच्या आसपास. काही गाड्यांच्या पुस्तिकेत टपावर भार ठेवूच नये असेही स्पष्ट लिहिलेले सापडते. या आकड्यात कॅरिअरचे स्वतःचे वजन धरलेले असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. मर्यादा ७५ किलोची असली आणि लोहाराकडून घडवून घेतलेले कॅरिअर २० किलोचे भरले, तर उरतात ५५. विमानात देतात त्या मापाच्या, वीस-वीस किलोच्या तीन बॅगा वर चढल्या की हिशोब तेथेच तुटला. दुकानात तराजू असतो. यात्रेच्या आदल्या दिवशी वर जाणारे सामान त्यावर एकदा ठेवून पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. ग्राहकाच्या मालात पाच ग्रॅमची चूक न होऊ देणारी घरे स्वतःच्या टपावरचे ओझे मात्र अंदाजाने चढवतात, ही गोष्ट थोडी नवलाचीच.

नव्या गाड्यांची दुसरी फसवी गोष्ट म्हणजे टपावरच्या त्या दोन चकचकीत पट्ट्या. त्यांना रेल म्हणतात आणि त्या सामान बांधण्यासाठीच असाव्यात, असे कोणासही वाटेल. परंतु बाजारातील अनेक गाड्यांवर त्या केवळ शोभेसाठी, प्लास्टिकच्या खुंट्यांनी किंवा चिकटपट्टीने बसवलेल्या असतात. त्यांवर भार टाकायचा नाही अशी सूचनाही पुस्तिकेत दिलेली असते. रेल खरी की शोभेची, हे हाताने ओढून कळत नाही. पुस्तिका पाहावी किंवा कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात विचारावे. भार पेलणारी रेल असल्यास तिच्यावर त्याच गाडीसाठी बनवलेले आडवे दांडे बसवता येतात. रेल नसल्यास दाराच्या चौकटीत अडकणारे दांडे मिळतात, पण तेही त्या विशिष्ट गाडीच्या मापाचेच हवेत. पन्हळ असलेल्या जुन्या गाडीचे कॅरिअर रबराचे तुकडे खाली देऊन नव्या गाडीवर बसवण्याचा उद्योग अजूनही दिसतो. त्याला धरून ठेवणारे गाडीवर काहीच उरलेले नसते.

आता बांधणी. नागपूरच्या उन्हात वर्षभर गच्चीवर पडलेली नायलॉनची दोरी वरून धडधाकट दिसते आणि आतून कुजलेली असते. ऊन तिचे तंतू जाळून टाकते. शिवाय नायलॉन ताणले जाते, आणि भिजले की आणखी सैलावते. काथ्याची किंवा सुताची दोरी याच्या उलट वागते: पावसात आखडते आणि वाळली की ढिली पडते. हुक असलेले लवचीक रबरी पट्टे तर टपावर वापरूच नयेत. ताणले जाणे हाच त्यांचा गुणधर्म, आणि जोराचा ब्रेक लागला की ओझे त्यांच्यासकट पुढे झेपावते. सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत खटका दाबून आवळायचे रुंद पट्टे मिळतात. ट्रकवाले त्यांना रॅचेट बेल्ट म्हणतात. असे चार पट्टे घरात असावेत. त्यांवर किती भार चालेल तो आकडा छापलेला असतो. छापलेला नसेल तर तो पट्टा घेऊ नये.

पट्टा सामानावरून घेऊन कॅरिअरच्या नुसत्या काठाला अडकवणे पुरेसे नाही. तो आडव्या दांड्याखालून फिरवून वर आणावा. दोन पट्टे आडवे आणि किमान एक लांबीच्या दिशेने हवा, कारण बहुतेक वेळा सामान बाजूला पडत नाही, पुढे घसरते. ५० किलोचे ओझे असताना करकचून ब्रेक लावला तर ते सुमारे ४० किलोच्या जोराने पुढे ढकलले जाते. समोरासमोरच्या धडकेत तोच जोर टनाच्या घरात जाऊ शकतो. चाके असलेल्या बॅगा चाके वर करून ठेवाव्यात. आडव्या दांड्यावर चाके खाली असली की बॅग स्वतःच वाट काढते. वाऱ्यात पट्टा घों-घों वाजत असेल तर त्याला एक पीळ द्यावा, आवाज थांबतो आणि पट्ट्याची झीजही कमी होते. ताडपत्री हवीच असेल तर ती सामानाभोवती गुंडाळून, पुढची कड सामानाखाली दाबून मग पट्टे आवळावेत. वरून नुसती पांघरलेली ताडपत्री म्हणजे वाऱ्याला दिलेले आमंत्रण. यात्रा दरवर्षीचीच असेल तर बंद झाकणाची पेटी परवडते. वारा तिच्यावरून सरळ जातो आणि गाठींचा प्रश्नच राहत नाही, अर्थात पेटीचे वजनही त्याच मर्यादेत मोजायचे.

सामान ठेवायचे कोणते, यात घरोघरी नेमकी उलटी रीत दिसते. कपड्यांच्या बॅगा स्वच्छ राहाव्यात म्हणून डिकीत, आणि तांदूळ, तुपाचा डबा, पितळी भांडी, खलबत्ता यांचे पोते टपावर. जड वस्तू गाडीत शक्य तितक्या खाली, मागच्या आसनाला टेकून ठेवाव्यात. वळकट्या, उशा, कपडे असे हलके आणि मऊ तेवढेच वर जावे. दीड टनाच्या गाडीवर ७५ किलो चढवले की तिचा गुरुत्वमध्य पाचएक सेंटिमीटरने वर सरकतो. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण समृद्धीवर भरधाव जाताना अचानक एखादा रोही आडवा आला आणि चालकाने चाक फिरवले, तर गाडी तोल सांभाळेल की कलंडेल याचा निकाल असल्या किरकोळ फरकावर लागू शकतो. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर टपावर नको, आणि मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीतही नको. दागिने आणि रोकड वरच्या बॅगेत कोणी ठेवत नसेलच.

वजन बेतात असले, बांधणी पक्की असली, तरी गाडी नेहमीसारखी चालवता येत नाही. रिकाम्या गाडीचा १२० हा वेग भरलेल्या टपाच्या गाडीचा नव्हे. ८० ते ९० च्या पुढे न जाणे आणि डावीकडील मार्गिकेत राहणे हे बरे. १२० ला गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे गेलेली असते; ८० ला २२ मीटर. थांबवायची ऊर्जा तर सव्वादोन पटींहून कमी नाही. मोठ्या ट्रकच्या शेजारून पुढे निघताना त्याच्या आडोशातून बाहेर पडण्याच्या क्षणी वाऱ्याचा जो धक्का बसतो, तो टपावर सामान असताना चांगलाच जाणवतो. टायरमधील हवा पूर्ण भाराच्या आकड्याइतकी, टायर थंड असताना भरून घ्यावी. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांत एकदा थांबून सर्व पट्टे पुन्हा आवळणे अत्यावश्यक आहे, कारण मऊ सामान हालचालीने दबते आणि घट्ट वाटणारा पट्टा सैल पडतो. समृद्धीवर चढण्यापूर्वी शिवमडक्याच्या अलीकडेच हे उरकून घ्यावे. पुढे वाटेत हात लावायचा असेल तर तो अधिकृत थांब्यावरच.

समाजातील कुटुंबांच्या बाबतीत वेगाचे आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख सहसा होत नाही. हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. परतीच्या प्रवासात संध्याकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी घरी किंवा नातेवाइकांकडे व्हावे, म्हणून साडेचारनंतर चालकावर नकळत दडपण येऊ लागते. आजी मागून विचारतात, "बाळा, वेळेत पोहोचू ना रे?" बाळ पन्नाशीचा असतो, पण त्याचा पाय अॅक्सिलरेटरवर थोडा अधिक दाबला जातो. टपावर ओझे असलेल्या गाडीसाठी दिवसाचे हे सर्वांत वाईट दोन तास. डबा बरोबर ठेवून चार वाजता थांब्यावरच जेवून घेतले, तर पुढचा सगळा प्रवास शांतपणे होतो.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे पाळण्याचा निर्वाळा दिला. तेव्हा टपाला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून कायमचे कॅरिअर बसवण्याच्या फंदात पडू नये. निर्मात्याच्या अधिकृत साहित्यातील, काढता-घालता येणारे दांडे घ्यावेत आणि शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारावे. सामान गाडीच्या अंगाबाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेले, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ (१अ) मध्ये वीस हजार रुपये दंड आणि सामान उतरवण्याचा खर्च सांगितला आहे.

व्यापाऱ्यांसाठी अधिक मोलाची गोष्ट विम्याची आहे. खासगी मोटारीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात, आणि नमुने व वैयक्तिक सामान सोडून अन्य मालाची वाहतूक त्यातून वगळलेली असते. यात्रेच्या वळकट्या वैयक्तिक सामानात बसतात. गांधीबागेतून उचललेली साड्यांची गाठ बसत नाही. "जातच आहोत तर पाहुण्यांच्या दुकानाचा मालही टाकून देऊ," या एका वाक्यापायी अपघातानंतर दावा अडकू शकतो, आणि गाठीचा नफा त्यापुढे काहीच नसतो.

इतके करूनही एखादे गाठोडे पडलेच, तर? येथे घडणारी चूक प्राणावर बेतते. गाडी कडेला थांबते आणि घरातील तरुण मुलगा गाठोडे आणायला रस्त्यावरून मागे पळत जातो. मागून येणाऱ्या चालकाला सेकंदाला तीस मीटरच्या वेगाने आधी गाठोडे दिसते, ते चुकवताना मुलगा दिसतो. गाडी डाव्या कडेला पूर्ण बाहेर घ्यावी, धोक्याचे चारही दिवे लावावेत, सर्वांनी लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहावे, आणि ११२ वर कळवून रस्त्यावर नेमके कोठे काय पडले आहे ते सांगावे. कडेचा किलोमीटरचा फलक वाचून सांगितला तर मदत लवकर येते. गाठोड्यातल्या भांड्यांची किंमत काय असेल ती असो, ते आणायला कोणीही जाऊ नये. दुचाकी असलेल्या जुन्या रस्त्यांवर तर पडणारी वस्तू थेट मागच्या माणसाच्या अंगावर येते, आणि त्याला ना काच असते ना पत्रा.

घरी परतल्यावर कॅरिअर उतरवून ठेवावे. बहुतेक घरांत ते पुढच्या यात्रेपर्यंत तसेच वर राहते. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार टपावर मोठी पेटी असली की महामार्गावर गाडीची धाव ६ ते १७ टक्क्यांनी घटते, आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्क्यांनी. रिकाम्या दांड्यांनी नुकसान याहून कमी होते, पण ते रोज होते. शिवाय वाढलेल्या उंचीचा विसर पडतो तो असा: दुकानाच्या इमारतीखालचा वाहनतळ, मंगल कार्यालयाची कमान, लोहापुलासारख्या जुन्या रेल्वे पुलाखालची वाट. गाडीची कॅरिअर व सामानासह उंची एकदा मोजून कागदावर लिहून चालकासमोर चिकटवली, तर या जागी थबकायला होते.

आणि मुळात एवढे ओझे न्यावे लागते का, हे तपासण्यास फार काही लागत नाही. बहुतेक तीर्थक्षेत्रांच्या धर्मशाळांत गाद्या व पांघरुणे मिळतात, भोजनशाळेत शुद्ध भोजनाची सोय असते, आणि स्वतः रांधायचे असल्यास भांडीही अनेक ठिकाणी भाड्याने देतात. निघण्याच्या चार दिवस आधी पेढीवर फोन करून किती माणसे येणार, किती दिवस राहणार आणि किती गाद्या लागतील एवढे सांगून ठेवावे. त्यानंतर टपावर जे काही उरेल, ते बहुधा डिकीतच मावते.